गुलाल्याच्या पायाखालचा डाग

फोटो कॅमेऱ्यात तयार होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट बघावं. पेन्सिलीनं पडलेला घट्टा त्याच्यावर अजून आहे. शहापूरच्या आमच्या स्टुडिओत मालक फोटो काढायचे (आमच्याकडं बायका नवऱ्याला मालक म्हणतात) आणि मी तो फोटो माणसांत आणायची. दारावरच्या बोर्डावर नाव त्यांचं. मी आत, उत्तरेच्या खिडकीपाशी.

तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहून पाठवा, असं संपादकांचं पत्र आलं. गमती ढीगभर आहेत. पण कागद पुढं ओढला की एक पक्षी आडवा येतो आणि बाकीचं सुचत नाही. म्हणून गमती थोडक्यात आटोपते.

माझं काम रिटचिंगचं. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटीवर उतरायचा. काचेच्या एका अंगाला मसाल्याचा थर असे, आणि त्यावर सगळं उलटं दिसे. नवरीचे केस पांढरे, नवरदेवाचा फेटा काळा. हीच निगेटिव्ह. कागदावर जिथं उजळ हवं तिथं निगेटिव्हवर सुईसारखी टोकदार पेन्सिल चालवायची. जिथं गडद हवं तिथं बारीक पात्यानं मसाला खरवडायचा. माझं माहेर वडगावचं, घरी हातमाग. तुटलेला धागा हजार धाग्यांत शोधून सांधायची सवय लहानपणापासूनची, त्यामुळं ही कला मला सहा महिन्यांत आली. पुढं पुढं तर अशी गत झाली की माणसं मला निगेटिव्हमध्ये पटकन ओळखू यायची आणि बाजारात भेटली की ओळख पटायला वेळ लागायचा.

निपाणीचे एक तंबाखूवाले जन्मात कधी पायात बूट न घातलेले. त्यांना फोटोत बूट हवे होते, तेही चकचकीत. मी काढून दिले. एकदा काकतीची माणसं वडील वारल्यावर धावत आली. त्यांचा एकही फोटो नव्हता. मालकांनी जाऊन देह भिंतीला टेकवून फोटो घेतला आणि मिटलेल्या पापण्यांवर मी डोळे काढले. म्हातारी बराच वेळ फोटो बघत बसली आणि म्हणाली, "हयातीत कधी एवढ्या मायेनं बघितलं न्हाय ह्यांनी." मी खूश. आता विचार करते तेव्हा वाटतं, मी त्या बाईला कुणाचा नवरा दिला होता?

आणि एक देवीचे वण असलेली मुलगी. स्थळाला पाठवायच्या फोटोतून तिचे वण मी असे भरून काढले की गालावर बोट फिरवावंसं वाटावं. दोन महिन्यांनी मुलाकडचे दुकानात आले आणि फोटो टेबलावर टाकून विचारू लागले, ही बाई कोण, दाखवा. लग्न मोडलं. मालक म्हणाले, आपलं काम आपण केलं. मीही मान हलवली. तेव्हा हबकले होते, पण चार दिवसांत विसरले. विसरायला नको होतं.

मालकांच्या कामाचंही सांगायला हवं. जुन्या भिंगांना उजेड भरपूर लागायचा, शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात गिऱ्हाईक हललं की तोंड पुसटलं. म्हणून खुर्चीमागं लोखंडी स्टँड असे आणि त्याला दोन बोटांचा चिमटा. तो मानेत मागून बसवायचा, फोटोत दिसत नसे. मोठमोठे इनामदार त्या चिमट्यात मान देऊन गप बसत. मालकांचं ठरलेलं वाक्य होतं, "हलायचं न्हाय." गिऱ्हाइकांनाच नव्हे, जेवताना ताटालासुद्धा ते तसं म्हणायचे. बोरगावच्या शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या ह्या माणसानं स्वतःच्या जिवावर ही विद्या मिळवली होती. समोरचं हललं की त्यांना तो आपला अपमान वाटे.

तर गुरुजी. खानापूरच्या मराठी शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले, उंच, काळी टोपी, कोटाच्या खिशांत चिठोऱ्या कोंबलेल्या. ते आले तेव्हा मालक जेवायला गेले होते, म्हणून मीच बोलले. त्यांना कमी ऐकू येई. ओरडून बोललं की कळायचं, पण बारीक आवाज गेले होते. अडल्या वेळी वापरायला पिशवीत शाळेतली पाटी आणि खडू.

त्यांना फोटो हवा होता एका पक्ष्याचा. गुंजीच्या रानात दिवाळीपासून एक चिमुकला पक्षी उतरतो. अंगठ्याएवढा, मातकट. नराच्या गळ्यावर मात्र कुणी बोटानं गुलाल लावावा तसा तांबडा ठिपका. पुस्तकात त्याला दुसरं नाव आहे, गुरुजींनी आपलं गुलाल्या ठेवलं होतं. हिमालयापलीकडून येतो, चैत्रात ऊन तापलं की परत जातो. जंगलखात्यातला एक साहेब गुरुजींना म्हणाला होता, हा इथं गात नाही, गाणं आपल्या मुलुखासाठी राखून ठेवतो. गुरुजींनी मात्र दोन वेळा ऐकलं होतं. दोन्ही वेळा चैत्रात, जायच्या आदल्या दिवसांत, अगदी हळू, स्वतःशीच म्हटल्यासारखं. त्यांनी मुंबईच्या एका विद्वानांच्या मंडळाला लिहिलं. उत्तर आलं, दुसरा पक्षी असेल. मग कानच गेले.

"ऐकलेलं दाखवता येत नाही, आक्का," ते मला म्हणाले. "दिसलेलं दाखवता येतं. चोच उघडी आणि गळा फुगलेला, एवढं मिळालं तरी पुरे. मग मला खोटं ठरवणारा कोण आहे बघू."

अट एकच. पक्ष्याला हात लावायचा नाही. तेव्हा पक्ष्यांचे जे फोटो छापून येत त्यांतले बरेचसे गोळी घालून, पोटात कापूस भरून, तारेनं फांदीला बांधलेल्या पक्ष्यांचे असत. हे मला त्यांनीच सांगितलं आणि मी थक्क झाले. मेलेल्याचे डोळे उघडून देणारी मी थक्क झाले, याचं आता हसू येतं.

मालकांना हे काम फार आवडलं. दोन चैत्र ते आणि गुरुजी पहाटेच्या गाडीनं गुंजीला जात राहिले. त्या रानात चैत्रात ओढे आटतात आणि कुठंतरी एखादं डबकं उरतं. त्याच्यावर भोक पाडलेलं गाडगं टांगायचं. ठिबकणाऱ्या पाण्याच्या आवाजाला पक्षी येतात. शेजारी एक वाळकी फांदी रोवायची, म्हणजे पाण्यावर उतरायच्या आधी ते तिच्यावर बसतात. कॅमेरा पाल्याखाली झाकून त्या फांदीवर रोखायचा आणि आपण लांब जांभळीमागं रबरी नळीचा फुगा हातात धरून बसायचं. पक्षी बसला की फुगा दाबायचा, शटर उघडतं. इतकं सोपं होतं ते. पण झाडीत उजेड कमी, शटर सावकाश. आणि गुलाल्या एक क्षण स्वस्थ नाही. शेपटी उडवतो, मान वळवतो, गेला.

मी त्या प्लेटी धुतल्या आहेत. फांदी अशी स्पष्ट की सालीच्या भेगा मोजाव्यात, आणि तिच्यावर धुराचा एक पुंजका. दोन वर्षांत तशा कितीतरी. गुरुजी प्रत्येक वेळी म्हणायचे, पुढच्या चैत्रात.  पण पक्ष्याचा विषय निघाला की मालकांचा जबडा घट्ट व्हायचा, ते मला दिसत होतं. सरदार-दरकदार ज्यांच्यापुढं हलले नाहीत, त्यांना एका अंगठ्याएवढ्या जिवानं दोन वर्षं खेळवलं होतं.

तिसऱ्या चैत्रात गुरुजी तापानं पडले. कानांचंही आणखी बिघडलं होतं, माझं ओरडणंही पोचेना, पाटी सारखी बाहेर निघू लागली. मालक एकटेच गुंजीला गेले. संध्याकाळी आले ते थेट डार्करूममध्ये, आणि आतून कडी. असं कधी झालं नव्हतं. प्लेटी आम्ही दोघं मिळून धूत असू. सकाळी त्यांनी एक प्लेट माझ्यापुढं ठेवली.

मी ती खिडकीशी धरली. पक्षी होता. पीस न् पीस मोजता येत होतं. चोच उघडी, गळा फुगलेला, मान वर. तेव्हाच्या प्लेटींना तांबडा रंग समजत नसे, कुंकू काळं यायचं, तसा कागदावर गुलालही काळाच येणार होता. येईना का. गाणारा गुलाल्या माझ्या हातात होता.

"पायाखाली जरा डाग हाय," मालक म्हणाले. "मसाला सुटलाय तितं. खरवडून टाक."

नखांपासून फांदीपर्यंत एक काळी दोरीसारखी रेघ होती आणि तिला दोन-तीन थेंब लोंबत होते. मी पातं घेतलं आणि कामाला लागले. इतक्या बारीक जागी पातं चालवणं म्हणजे श्वास धरून काम. दोन तास लागले. नखं सुटी केली, फांदीची साल मागची-पुढची जुळवून घेतली. माझ्या सगळ्या कामातलं ते सर्वांत चांगलं काम होतं. शंकाच नको.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते, कारण माझी चूक तिथंच आहे. मसाला सुटतो तिथं काच मोकळी दिसते, आरपार. काळी दिसत नाही. निगेटिव्हवर काळं दिसलं याचा अर्थ त्या जागी खरोखर काहीतरी होतं आणि ते उजेडात चमकत होतं. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्या दिवशी दोन तास ते डोळ्यांसमोर होतं, भिंगाखाली, आणि मी विचारलं नाही. मालकांनी डाग म्हटलं, मी डाग पुसला. डाग पुसायची सवय माणसाला आंधळं करते.

फोटो बघून गुरुजी रडले. उभ्या उभ्या, आमच्या दुकानात, लोकांसमोर. चष्मा काढून पुसायचे, पुन्हा बघायचे. मालकांचे हात धरून म्हणाले, "अण्णा, मला वेडा ठरवला होता त्यांनी. मलाही वाटायला लागलं होतं, कानांचा भास असेल." मालक खाली बघत राहिले. मला वाटलं, संकोच. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. लग्नात, बारशात, मयतीत आमचे फोटो घराघरांत गेले, पण कुणाचं म्हणणं आमच्या फोटोनं खरं ठरलं असं पहिल्यांदाच झालं होतं.

फोटो मुंबईला गेला. ह्या वेळी उत्तर निराळं आलं. मंडळाच्या सभेत येऊन फोटोसह आपलं म्हणणं मांडावं. मार्गशीर्षात सभा होती. गुरुजींनी पत्र आम्हाला वाचून दाखवलं, मग पुन्हा एकदा वाचून दाखवलं.

दसऱ्याची साफसफाई निघाली. खराब प्लेटी आम्ही टाकत नसू. गरम सोड्याच्या पाण्यात घातल्या की मसाला सुटतो आणि काच फोटोच्या चौकटीला उपयोगी पडते. कपाटामागं एक खोका सापडला, सुतळीनं बांधलेला. मी पातेलं चुलीवर ठेवलं आणि सवयीनं एकेक प्लेट खिडकीशी धरून बघू लागले. मालक प्रत्येक प्लेटीच्या कोपऱ्यात आकडा घालत. ह्यांच्यावर एकपासून बारापर्यंत आकडे होते. दोनची तेवढी नव्हती. दोनची म्हणजे मी खरवडलेली.

एकवर पक्षी फांदीवर बसून आपल्या पायांकडं बघत होता.

तीनवर पंख उचललेले, पुसट. पाय तिथंच. चारवर चोच उघडी, आधीपेक्षा मोठी. पाचवर एक पंख फांदीला लागलेला आणि तिथंच राहिलेला. सगळीकडं पायाखाली तीच काळी रेघ, दर प्लेटीला लांब झालेली, ताणलेली. सातवर तो एका बाजूला कलला होता. मी थांबायला हवं होतं, पण हात थांबेना. नऊवर तो उलटा लोंबत होता. दहावर, अकरावर तसाच, जरासा हललेला. बारावी प्लेट सगळ्यांत स्पष्ट होती. तिच्यात काहीच हललं नव्हतं.

चुलीवर पाणी उकळून चाललं होतं.   दोरी नव्हती ती आणि डागही नव्हता. वडाचा चीक तेलात आटवला की असा चिकटा होतो. खेड्यातली पोरं काठीला लावून पाखरं धरतात. बोरगावच्या पोरांनाही तो करता येतोच. आणि तो पक्षी गात नव्हता. तो ओरडत होता.

मालक आले. मी बारावी प्लेट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाला धरली, खाली ठेवली. मग सांगितलं. एवढासा चिकटा लावायचा, एक प्लेट घ्यायची, तेल लावून पाय सोडवायचे, असं ठरवून गेले होते. तेलाची बाटलीही नेली होती. माणसाच्या मानेला चिमटा लावतोच की आपण, त्यात काय वाईट, असं मनाला सांगितलं होतं.

"मग बारा प्लेटी कशाला?" मी विचारलं.

"जागचा हलत न्हवता गं," ते म्हणाले. "तीन वर्षांत पयल्यांदा त्यो माझ्यापुढं हलत न्हवता. येक घेतली, वाटलं आनी येक घ्यावी. तेल लावाय गेलतो तवर पिसं चिकटलीती. जीव बी गेलता."

मी म्हणाले, गुरुजींना सांगायला हवं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"सांग," ते म्हणाले. "पर समदं सांग. मी चिकटवला, आनी तू पुसलीस."

मला वाटतं त्या वाक्यानं मला जेवढा धक्का दिला तेवढा बारा प्लेटींनीही दिला नाही. तोवर मी स्वतःला बघणारी समजत होते.

चार दिवस मी गप्प राहिले. हेही लिहायला हवं. न सांगण्याची कारणं भरपूर होती. म्हाताऱ्याचा आनंद, मालकांची अब्रू, स्टुडिओचं नाव. पक्षी तर गेलाच होता. आणि गुरुजींनी खरंच ऐकलं असेल तर खोट्या फोटोनं खरीच गोष्ट सिद्ध होत होती, असंही मी मनाशी मांडून बघितलं. पण सभेत कुणी जाणता भिंग घेऊन बसला आणि त्यानं विचारलं, पायाखाली खरवडलंय ते काय, तर? पन्नास माणसांत, ऐकू न येणारा तो माणूस, हातात आमचा फोटो घेऊन उभा.  पाचव्या दिवशी मी खोका उचलला. मालक स्टेशनापर्यंत तो घेऊन चालत आले, डब्यात माझ्या मांडीवर ठेवला आणि परत फिरले.

खानापूरला गुरुजींनी सभेसाठी कोट धुवून आणला होता. तो खुंटीला टांगलेला. मला बघून त्यांना वाटलं मी शुभेच्छा द्यायला आले. भाषणाचे कागद काढले, एक परिच्छेद वाचून दाखवला. त्यात मालकांचं नाव होतं, आणि माझंही. एवढ्या बारकाईनं प्लेट निर्दोष करणाऱ्या, असं लिहिलं होतं.

मी पाटी घेतली. खडू हातात धरून बसले. असलं काही ओरडून सांगता आलं असतं तर बरं, ओरडताना शब्द आपोआप बाहेर पडतात. लिहायला प्रत्येक अक्षर काढावं लागतं. शेवटी एवढंच लिहिलं: हे बाकीचे फोटो बघा. आणि प्लेटी एकेक करून त्यांच्या हातात देऊ लागले.

एक गोष्ट मी विसरले होते. निगेटिव्ह वाचणं सगळ्यांना येत नाही. त्यांना काळ्या रानात एक पांढरा पक्षी दिसत होता, एवढंच. चेहरा उजळला. "किती देखणा," म्हणाले. "आणि इतके फोटो. अण्णा बोलले नाहीत कधी." तीन झाली, चार झाली, पाच झाली. मी पाटीवर लिहायला खडू टेकवायची आणि अक्षर उमटायचं नाही. ते पुढची प्लेट मागत होते. नववी हातात घेतली, उजेडाला धरली, भुवया आवळल्या. मग हसले.

"आक्का, उलटी दिलीत ही," म्हणाले आणि त्यांनी प्लेट फिरवून सरळ केली.

आता पक्षी सुलटा होता. पण त्याच्या डोक्यावर डबकं होतं, आणि पाण्याचे थेंब खालून वर चालले होते. ते बघत राहिले. प्लेट पुन्हा फिरवली. पुन्हा सुलटी केली. मग हळूच, ती फुटेल की काय अशा बेतानं, पुन्हा फिरवून जशी मी दिली होती तशी धरली. तशीच धरून बसले. मला काही लिहावं लागलं नाही.

"हात लावू नका म्हटलं होतं मी," ते म्हणाले.

मी पाटीवर लिहिलं, पायाखालचा चिकटा मी पुसला. मला कळलं नाही. त्यांनी वाचलं. मी खाली आणखी लिहिलं, कळायला हवं होतं. तेही वाचलं.

त्यांनी विचारलं ते एवढंच, "मग तो गात नव्हता?" मी नाही अशी मान हलवली. ते म्हणाले, "म्हणजे मी ऐकलं तेही असंच काही असेल." मी जोरजोरानं नाही नाही म्हणत होते, त्यांचा हात धरून सांगत होते की त्याचा ह्याच्याशी संबंध नाही, तुम्ही तेव्हा ऐकलं ते ऐकलं. पण ते माझ्याकडं बघत नव्हते, आणि बघितल्याशिवाय त्यांना कळत नसे.

मुंबईला त्यांनी स्वतः पत्र घातलं. फोटो खोटा आहे, माझं म्हणणं मी मागं घेतो. फोटो खोटा एवढंच लिहिलं असतं तर पुरे होतं. म्हणणं मागं घ्यायची गरज नव्हती. आमचं नाव कुठंही घेतलं नाही. मालकांनी पुढं कधी पक्ष्यावर कॅमेरा रोखला नाही, आणि मानेचा चिमटा उचलून माळ्यावर टाकला. फोटो जरा पुसट आले तरी चालतील म्हणायचे. गिऱ्हाइकं कुरकुरली. मी मात्र रिटचिंग चालूच ठेवलं. पोट होतं, आणि दुसरं काही येत नव्हतं. एवढंच की कुणी डाग म्हणून काही दाखवलं तर आधी विचारायची, हे काय आहे?

पुढच्या चैत्रात मी खानापूरला जाऊन गुरुजींना म्हणाले, म्हणजे पाटीवर लिहिलं, गुंजीला जाऊ. कॅमेरा नाही, काही नाही. ते आढेवेढे घेत होते, पण आले. माझं रानात जाणं ते पहिलंच. इतकी वर्षं ती जागा मी काचेवर बघितली होती, काळी-पांढरी आणि उलटी. ती हिरवी बघून मला क्षणभर काही सुधरेना. डबक्याशी आम्ही बसलो. गाडगं नव्हतं, फांदीही नव्हती.

ऊन वर यायच्या आत तो आला. एका वाकड्या डहाळीवर बसला, दोनदा शेपटी उडवली. गळ्यावरचा ठिपका तांबडा होता, हेही मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. मग तो गायला लागला. गुरुजींनी सांगितलं होतं अगदी तसंच, हळू, स्वतःशी म्हटल्यासारखं, मध्येच अडखळून पुन्हा पहिल्यापासून. चोच नीट उघडलीही नव्हती. फोटोत आली नसती इतकी थोडी.  म्हाताऱ्यानं खरंच ऐकलं होतं.

मी घाईघाईनं पाटीवर लिहिलं: गातोय. गुरुजी, गातोय तो. तुमचं खरं होतं. आणि पाटी त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी वाचलं. डहाळीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघून हसले. लहान मुलानं समजूत घालायला काही आणून द्यावं आणि मोठ्यानं ते मान राखून घ्यावं, तसं हसले.

"मन चांगलं आहे तुमचं, आक्का," ते म्हणाले. "पण आता माझ्यासाठी असं काही करू नका."

मी शपथ घेतली. पुन्हा लिहिलं, मोठ्या अक्षरांत लिहिलं. त्यांनी मान डोलावली, माझ्या हातातली पाटी काढून पिशवीत ठेवली आणि काठी टेकून उठले. गाडीची वेळ झाली होती. पायवाटेला लागेपर्यंत मी मागं वळून बघत होते. तो गातच होता, आणि ते ऐकणारी त्या रानात मी एकटीच होते.